पाणी कुणाच्या ओळखीनं वाहत नाही

अक्का भिंतींना शिव्या घालायच्या. मनातल्या मनात नव्हे, चांगल्या खणखणीत आवाजात, घरमालक शेजारी उभा असताना. भिंतीला उलटा तळहात लावायचा, मग गाल टेकवायचा आणि म्हणायचं, "बोल की गं भवाने, कुठनं पाणी प्यायलीयास? सरळ सांगतीस का सोलू तुला?" नव्या घरमालकाला वाटायचं, बाई थोडी सटकलेली आहे. अर्ध्या तासानं अक्का खडूनं भिंतीवर रेघ मारायच्या, "हितनं फोडा, हातभर खाली" असं सांगायच्या आणि नेमका तिथेच गंजलेला नळ सापडायचा. मग तोच घरमालक चहा टाकायला आत पळायचा. तो चहा अक्का घ्यायच्या नाहीत. "आदी लिहून देऊ. च्या पिला की जीभ जड व्हत्या."

लपलेली ओल शोधणं हा अक्कांचा धंदा. खणाच्या कापडाच्या पिशवीत एक थर्मल कॅमेरा, एक दोन काट्यांचा ओल मोजायचा मीटर आणि खडूचे तुकडे, एवढंच दुकान. कॅमेऱ्यात भिंतीचा फोटो रंगीत दिसतो. गरम ते पिवळं-तांबडं, गार ते निळं. ओली भिंत कोरडीपेक्षा गार असते, म्हणून ओल निळी दिसते. वॉटरप्रूफिंगच्या एका ठेकेदाराकडे अक्का कितीतरी वर्षं कामगारांवर देखरेख करायच्या. त्याच्या पोरानं हौसेनं कॅमेरा आणला, पण तो वाचायला कुणालाच जमेना. धंदा गुंडाळताना ठेकेदारानं तो अक्कांना दिला. अक्का गडहिंग्लजकडच्या, फरशीचा व्यापार करणाऱ्या लिंगायत घरातल्या. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि भिंतीशी दोन्ही.

दार उघडणारा माणूस आम्हा दोघी बायकांच्या मागं बघायचा आणि विचारायचा, "साहेब मागनं येणार आहेत काय?" अक्का विभूती लावलेल्या कपाळाला आठी न पाडता सांगायच्या, "सायब घरात झोपल्यात पावणं. उटस्तवर आम्ही काम उरकून जातो."

मी राधानगरीकडची. घरात दोन म्हशी, थोडा भात, थोडा ऊस आणि साऱ्या भावकीत पहिली पदवी माझी. बी.ई. सिव्हिल. मला तिचा अभिमान होता, आजही आहे, आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही. अक्का दहावीला दोनदा बसल्या होत्या आणि तिसऱ्यांदा बसायचं नाही हे त्यांनीच ठरवलं होतं. त्यांच्याकडे नोकरी मागायला गेले तेव्हा त्यांनी माझी फाईल उघडलीसुद्धा नाही. म्हणाल्या, "डिग्री हाय न्हवं? मग ती भितीला टेकवून बघ, काय ऐकू येतंय काय." दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर झाले ते निव्वळ रागानं.

त्याच दिवशी एका बंगल्याच्या न्हाणीघरात मी कॅमेरा धरला, आणि समोरच्या चकचकीत फरशीवर मोठा तांबडा डाग. मी ओरडले, "अक्का, गरम पाण्याची लाईन फुटलीय! केवढा डाग आहे!" अक्का दारातूनच म्हणाल्या, "हात हालीव." मी हात हलवला. डागानंही हात हलवला. "ती लाईन न्हवं, तू हायस. लई तापलीयास. शिकलेल्या माणसाला आदी सोताच दिसतंय." घरमालकीण तोंडाला पदर लावून हसत होती. तेव्हापासून अक्का मला "इंजनेर" म्हणायला लागल्या, आणि ते कौतुक नव्हतं.

त्या दिवशी परतताना त्यांनी मला धंद्यातली खरी गोष्ट सांगितली. "कॅमेरा पाणी बघत न्हाय. गारवा बघतोय. पाणी आपुन शोधायचं. फोटू म्हंजे एक साक्षीदार. एका साक्षीवर कुणाला फाशी देत्यात व्हय?" म्हणून आधी फोटो, मग हात, मग मीटरचे दोन काटे. आणि झड लागली असेल तर कामच घ्यायचं नाही. सगळीकडे सारखाच गारवा, कॅमेऱ्यात घर एकाच रंगाचं. कुणी कितीही गळ घातली तरी त्यांचं उत्तर कन्नडमधला एकच शब्द असायचा. "बेडा." नको म्हणजे नको.

हे मला पाठ होतं. तरीही कळंब्याच्या त्या अपार्टमेंटमध्ये मी घोटाळा केला.

तिथं दुसऱ्या मजल्यावर मालूताई खानावळ चालवायच्या. मूळच्या पेठ वडगावच्या. नवऱ्याचा टेम्पो, आणि घरातल्या स्वयंपाकघरात रोज पन्नास माणसांचं जेवण. कॉलेजची पोरं, कारखान्यातले कामगार. त्यांच्या बरोबर खाली, पहिल्या मजल्यावर, सोसायटीचे चेअरमन राहायचे. त्यांच्या हॉलच्या भिंतीला ओल आली होती, रंगाचे पोपडे सुटले होते. चेअरमनसाहेबांच्या मते प्रश्नच नव्हता. वर दिवसभर भांडी घासतात, ते पाणी खाली उतरतं. सोसायटीनं ठरवलं होतं की तपासणीत पाणी वरचं निघालं, तर खानावळ त्याच दिवसापासून बंद. मालूताईंचं अख्खं घर त्या चुलीवर होतं.

दोन दिवसांची उघडीप मिळाली आणि आम्ही गेलो. अक्कांचे गुडघे दुखायचे, त्या जिना सावकाश चढत होत्या. मी पुढं गेले. हॉलमध्ये सोसायटीची पाच-सहा माणसं उभीच होती. मी छताचा फोटो घेतला, आणि मालूताईंच्या स्वयंपाकघराच्या बरोबर खाली, छतावर, मोठा निळा डाग.

"आहे ना?" चेअरमन म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघत होते. इतकी शिकलेली माणसं माझ्या उत्तराची वाट बघत आयुष्यात पहिल्यांदाच उभी होती. मी म्हणाले, "आहे. पाणी वरूनच येतंय."

अक्का दारात पोचायच्या आत चेअरमननी कॅमेऱ्याच्या पडद्याचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता आणि एकजण वर निरोप सांगायला गेला होता. मालूताई हातातलं उलथनं तसंच धरून खाली आल्या. ओरडल्या नाहीत. मलाच विचारलं, "बाई, बघून सांगितलंसा न्हवं? नीट बघितलंसा न्हवं?"

अक्कांनी माझ्या हातातून कॅमेरा घेतला. डाग बघितला. मग मला विचारलं, "इंजनेर, पाणी गोल पसरतंय व्हय गं? कंपास लावल्यागत?"

डाग खरंच गोल होता. अगदी गोल.

अक्का दुखऱ्या गुडघ्यांनी स्टुलावर चढल्या. छताला हात लावला, मीटरचे काटे टेकवले. कोरडं. चार ठिकाणी टेकवले. चारी ठिकाणी कोरडं. खाली उतरून मालूताईंना विचारलं, "वर हित्तं काय ठेवलंयस?" मालूताई म्हणाल्या, "पाण्याचं पिंप हाय की. भरून ठेवतो रोज. पाणी कवा जाईल ह्याचा नेम न्हाय." चुलीच्या धगीनं तापलेली फरशी, तिच्यावर गार पाण्याचं भरलेलं पिंप. त्याचा गारवा खाली छताला उतरला होता. पाण्याचा थेंब उतरला नव्हता.

"चला, आता उकळून काढू," अक्का म्हणाल्या. वर मालूताईंनी पातेलंभर पाणी उकळलं, मोरीत ओतलं, पुन्हा उकळलं, पुन्हा ओतलं. अर्धा तास. खाली छतावर कॅमेऱ्यात काहीच बदललं नाही. वरचा पाईप गळत असता तर छतावर पिवळी रेघ उठली असती. मग अक्का पोपडे सुटलेल्या भिंतीकडे वळल्या. त्या भिंतीला, जेवणाच्या टेबलाशेजारी, देखणं हात धुवायचं बेसिन होतं.

"हे बेसिन बिल्डरनं दिलेलं?"

"नाही, आम्ही नंतर बसवून घेतलं," चेअरमन म्हणाले. "त्याचा काय संबंध?"

"संबंध भितच सांगंल की." अक्कांनी त्यांच्याच गीझरचं गरम पाणी त्या बेसिनात सोडलं. कॅमेरा त्यांनी स्वतः धरला नाही, चेअरमनच्याच हातात दिला. थोड्या वेळानं निळ्या भिंतीत, बेसिनाखाली, आत पुरलेल्या पाईपच्या सांध्यापाशी एक पिवळा ठिपका उठला. मग त्याला पाय फुटले. पोपडे सुटलेल्या कोपऱ्यापर्यंत तो पसरत गेला, आणि चेअरमन आपल्याच हातातल्या पडद्यावर ते बघत राहिले. अक्कांनी तिथं काटे टेकवले. मीटर कोकलायला लागला.

"आता बोललीस गं भवाने," अक्का भिंतीला म्हणाल्या.

बाकीची माणसं हळूच चपला शोधायला लागली. चेअरमननी आवाज मऊ केला. "अक्का, हे आपल्यात राहू दे. पाईप मी बदलून घेतो. पण लिहिताना सध्या वरचंच लिहा. तशीही ती खानावळ इमारतीला नकोच आहे. तुम्हाला आपल्या भागातली कामं मी देतो. नाहीतर बघा, सोसायट्यांचे सगळे चेअरमन एकमेकांना ओळखतात."

"वळखत असतील," अक्का म्हणाल्या. "पाणी कुणाच्या वळखीनं व्हात न्हाय सायब. ते उतारानं व्हातंय."

आम्ही जिन्यातच बसलो. अक्का सांगत होत्या, मी लिहीत होते. त्यांनी सांगितलेली पहिली ओळ अशी होती: "आमच्या अभियंत्यांनी पहिला फोटो चुकीचा वाचला. छत कोरडे आहे." माझा पेन थांबला. मी म्हणाले, अक्का, खरं कारण लिहूया, बेसिनचं सगळं लिहूया, पण ही ओळ कशाला? माझं नाव जाईल.

"तुझ्या चुकीनं तिची चूल इझत व्हती," अक्का म्हणाल्या. "ती वळ पयली. आन् सही तुझी."

मी सही केली. पदवीच्या फोटोत माझा बाप ज्या ताठ मानेनं उभा आहे, त्याच मानेनं मी तो कागद तळमजल्यावरच्या नोटीस बोर्डावर लावला आणि जिन्यात उभं राहून मोठ्यानं वाचला. मग वर गेले. मालूताई परातीत कणीक मळत होत्या. मी माफी मागितली. त्यांनी वर बघितलं नाही. "शिकलेली माणसं चुकली की फोन करत्यात," त्या म्हणाल्या. "तू दोन जिनं चढून आलीयास. बस, जेव." मी बसले. अक्काही आल्या. कागद लावून झाला होता, आता जीभ जड व्हायची भीती नव्हती.

चेअरमननी आपला शब्द मात्र पाळला. त्या भागातल्या अपार्टमेंटांची कामं एकेक करून थांबली. मला धास्ती वाटायची, अक्का खेड्यांतल्या शाळांची, दूध संकलनाच्या गार खोल्यांची कामं घ्यायला लागल्या आणि म्हणायच्या, "भिंती काय कळंब्यातच हाईत?" पुढच्या वर्षी सोसायटीच्या सभेत खानावळीचा विषय पुन्हा निघाला. या वेळी वास येतो, जिन्यात चपलांचा ढीग पडतो, अनोळखी पोरं येतात. अक्कांना कुणी बोलावलं नव्हतं. त्या गेल्या, मलाही नेलं, मागच्या खुर्चीवर बसल्या आणि चेअरमन बोलत असतानाच म्हणाल्या, "गेल्या साली पाणी व्हतं. ते तुमच्या घरात घावलं, तर आता वास आला व्हय? पुढच्या साली काय येणार हाय?" सभासद नसलेल्यांनी बाहेर जावं, असं कुणीतरी म्हणालं. अक्का उठल्या नाहीत. मग एक म्हातारे गृहस्थ हसले, दुसरी एक बाई हसली, आणि विषय तिथंच बारगळला.

आयुष्यभर लोकांच्या ओलीत वावरून अक्कांची छाती बिघडली होती. शेवटच्या काही महिन्यांत दोन वाक्यं बोलली की धाप लागायची. तरी डॉक्टरला त्यांनी सुनावलंच, "फोटू काडलायसा ते बरं केलंसा. पन एका फोटूवर ठरवू नगा." मी हसले आणि मग बाहेर जाऊन रडले. अशी बाई मला शिकवायला मिळाली. कॉलेजनं मला पदवी दिली. त्या पदवीखाली सही कशी करायची ते अक्कांनी शिकवलं, आणि हे मी कुठल्याही प्राध्यापकासमोर सांगेन.

गेल्या मार्गशीर्षात अक्का गेल्या. त्यांच्या गावी, त्यांच्या रीतीप्रमाणे, बसवूनच समाधी दिली. मान ताठ, कपाळभर विभूती. आडवं पडायचं त्यांनी तेव्हाही नाकारलं असं मला वाटलं. माती द्यायच्या वेळी रस्त्यावर एक टेम्पो थांबला. मालूताई उतरल्या, त्यांचा नवरा उतरला आणि मागून खानावळीत जेवणारी दहा-बारा पोरं उतरली. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली.

परत येताना मी त्याच टेम्पोत बसले. कळंब्याला उतरलो तेव्हा उन्हं कलली होती. दुसऱ्या मजल्यावरच्या दाराला वहीचा एक कागद चिकटवला होता. ज्या खानावळीचं दार बंद करायला चेअरमन आणि अख्खी सोसायटी एवढी झटली, ते दार मालूताईंनी त्या दिवशी आपल्या हातानं बंद केलं होतं. पेनानं गिरवून गिरवून जाड केलेली अक्षरं होती:

"अक्का गेल्या. आज जेवण नाही. उद्या चालू."