बियाण्याच्या ऑफिसात नवे कम्प्युटर

गोदामात पोती साठतात आणि ऑफिसात किस्से. पोती सीझनला उठतात तरी! किस्से तसेच पडून राहतात, आणि ते ऐकणारं घरातलं माणूस गेलं की थप्पी नुसती वाढत जाते.

लातूरला आमच्या बियाण्याच्या एजन्सीचं छोटं ऑफिस आहे, नांदेडला एक शाखा. ऑफिस खरं तर मीना चालवायची, माझी बायको. बिलं, डीलरची यादी, कंपन्यांचे मेल, सगळं तिच्या एकट्या कम्प्युटरवर. ती त्याच्यासमोर बसली की ऑफिसात सगळे हळू बोलायचे. गेल्या वर्षी ती गेली. यंदा सीझनच्या आधी नवे कम्प्युटर घेणं भाग होतं. दुकानदार म्हणाला, "जुना एक्स्चेंजमध्ये देऊन टाका." मी हो म्हणालो. मला तो द्यायचा नव्हता. पण पन्नाशीच्या माणसानं दुकानात उभं राहून तसं म्हणायचं कसं?

*

खरेदीला देशमुखकाका बरोबर होते. काका आमचं गोदाम सांभाळतात, रोज औशाहून बसनं येतात. तीस वर्षं बियाण्यात गेलेली. सेल्समननं रॅम सांगितली, प्रोसेसर सांगितला. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "उगवण किती टक्के?"

सेल्समन माझ्याकडे बघायला लागला.

"म्हंजी शंभर नग इकले तर वापस किती आले?"

"काका, असं कुणी विचारत नाही."

"म्हणूनच फसतेत!"

*

शेवटी दुकानदारानं एक मशीन दोन दिवस वापरून बघायला दिलं. सोयाबीनची उगवण बघायची तर आमच्याकडे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात आणि किती दाण्यांना मोड आले ते मोजतात. दुसऱ्या दिवशी बघतो तर काका त्या मशीनपुढे उभे. हातात कागद, कागदावर पाच-पाचच्या रेघा.

"काका, काय चाललंय?"

"शंभर डाव चालू-बंद केला साहेब. सत्त्याण्णव डाव लागला. माल चांगलाय, घ्या!"

"आणि तीन वेळा का नाही लागला?"

"तवा लाईट नव्हती. ती काय बियाण्याची चूक न्हाई."

मीना हे ऐकून पोट धरून हसली असती. मी कागद फाईलला लावला. दोन लातूरला आणि एक नांदेडला, असे तीन कम्प्युटर घेतले. आता त्यांच्यासमोर बसायचं कुणी, हे काही कुठल्या दुकानात मिळत नाही.

*

नांदेडच्या शाखेत रहीमभाई एकटे असतात. भर मे महिन्यात मी तिकडे गेलो. कूलरचं तोंड कम्प्युटरकडे, आणि रहीमभाई कोपऱ्यात सोयाबीनच्या कॅटलॉगनं वारा घेत बसलेले!

"रहीमभाई, हे उलटं का?"

"आपण घाम पुसतो साहेब. त्या बिचाऱ्यानं काय करायचं?"

आठ दिवसांत कूलरच्या ओलीनं मशीन बंद पडलं. रहीमभाईंचा फोन आला. आवाज अगदी पडलेला. "साहेब, खातिरदारी ज्यादा झाली."

*

देगलूरचे एक डीलर वर्षातून एकदाच येतात, सीझनच्या तोंडावर. त्यांनी नव्या कम्प्युटरवरून हात फिरवला. "लई भारी! पण मॅडमला दाखिवलं का? त्यांच्या पसंतीला उतरलं पायजे बघा."

काका त्यांना चहा देत होते. कप तसाच हातात राहिला.

मी म्हणालो, "विचारतो."

*

मीनाच्या कम्प्युटरमधला सगळा डेटा नव्यात घेऊन झाला होता. एक्स्चेंजवाला तो न्यायला आला त्या दिवशी तिच्या टेबलावर काहीच नव्हतं.

"तो व्हय? मोडीत गेला," काका म्हणाले.

मी केबिनमध्ये होतो. ऐकलं. बाहेर आलो नाही. माणूस चरफडत निघून गेला. मोडीत गेला तर गेला, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्या दिवशी जेवलो नाही. काकांनाही काही विचारलं नाही.

महिन्याभरानं सोलापूरहून परत येताना औशाला काकांच्या घरी डोकावलो. काका बाजारात गेले होते. काकूंनी बाहेरच्या खोलीत बसवलं. समोर टीपॉयवर मीनाचा कम्प्युटर होता. कीबोर्ड, माऊस, सगळं जागच्या जागी.

मी विचारलं, "काकू, हा चालू आहे?"

"कुठला चालू! वायरी लावायच्या म्हणलं तर ह्यांना येत न्हाई. पोराला लावू देत न्हाईत. नुसता ठिवलाय." पाण्याचा तांब्या पुढे ठेवताना काकूंनी आवाज बारीक केला. "पर साहेब, जरा हळू बोला बरं का. ह्या खोलीत मोठ्यानं बोललेलं ह्यांना चालत न्हाई."