चौसष्टावा हिस्सा

सकाळी चहाचं आधण ठेवायच्या आधी हेस्टर नॅनकिव्हेल भिंतीवरच्या बॅरोमीटरच्या काचेवर दोन टिचक्या मारायची. काटा जरासा थरथरायचा. ती आकडा मोठ्यानं वाचायची, बॅरोमीटरमागे खोचलेली पेन्सिल काढून वहीत टिपायची. मग वाऱ्याची दिशा, आणि ओळीच्या शेवटी एकच नाव: ग्वेनोल. कॉर्नवॉलच्या त्या खाडीकाठी निम्म्या घरांत अशी वही सापडेल, त्यात नवल नाही. पण हेस्टरच्या वहीतला वारा तिच्या खिडकीबाहेरचा नसायचा. तो शंभर मैल समुद्रापलीकडचा, फ्रान्सच्या ब्रिटनी किनाऱ्यावरचा, रेडिओवर सांगतात तेवढा. कारण ग्वेनोल तिकडे होती.

ग्वेनोल म्हणजे त्यांच्या जुन्या बोलीत भिंगरी पाखरू, आणि भिंगरी म्हणजे तिची सव्वीस फुटी शिडाची बोट. आता ‘तिची’ म्हणायचं की नाही, यावरूनच पुढचं सगळं घडलं.

हेस्टरचा नवरा डेन्झिल बोटी बांधणाऱ्या यार्डात सुतार होता. एक्क्याऐंशी साली त्यानं बोटीचा नुसता सांगाडा आणि एक इंजिन विकत घेतलं, दोन्हींवर सरकारचा कर भरला, पावती बिस्किटांच्या डब्यात ठेवली आणि पुढची तीन वर्षं घरामागच्या शेडमध्ये तिच्यावर काम केलं. फळी न् फळी त्याच्या हातची. बायकोला त्यानं एकच गोष्ट विचारली होती, शेगडी डाव्या हाताला हवी की उजव्या. हेस्टर गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. रोज ऐंशी पोरांचं जेवण करणारी बाई, तिला ते लागलं. दुसऱ्याच्या बोटीत आपण स्वयंपाक करणार नाही, असं तिनं सांगून टाकलं.

डेन्झिल बोलण्यातला नव्हता. पंधरा दिवसांनी तिच्या ताटाखाली एक कागद निघाला. त्यांच्याकडे जहाज मोठं असो की छोटं, सरकारी नोंदवहीत त्याचे चौसष्ट हिस्से मानतात. पूर्वापार तसंच चालत आलंय, का ते कुणी विचारत नाही. त्या चौसष्टांतला एक हिस्सा डेन्झिलनं बायकोच्या नावे केला होता. कागदावर शिक्का होता. तो शिक्का खरा की यार्डातल्या मित्राकडून गंमत म्हणून उठवलेला, हे हेस्टरला कधी कळलं नाही आणि तिनं विचारलंही नाही. तिनं कागद चौकटीत घालून बोटीतल्या शेगडीच्या वर लावला आणि जाहीर केलं, की शेगडी, किटली आणि भोवतालची हातभर जागा एवढा आपला हिस्सा. त्या दिवसापासून डेन्झिल ओले बूट घेऊन तिथं उभा राहिला की ती हात पुढे करायची, “भाडं.” तो खिशातून मिळेल ते काढायचा. खिळा, शिंपला, एकदा अर्धं खाल्लेलं सफरचंद.

दोन हजार एकोणीसच्या मे महिन्यात दोघं ग्वेनोल घेऊन ब्रिटनीला गेली. उन्हाळा संपून परतायची वेळ आली तेव्हा डेन्झिलला दम लागत होता. बोट हिवाळ्यापुरती तिथल्या खाडीत, सोइझिक नावाच्या ओळखीच्या बाईच्या नजरेखाली ठेवली आणि दोघं प्रवासी जहाजानं परतली. काटा अडकत होता म्हणून बॅरोमीटर तेवढा दुरुस्तीला सोबत आणला. नोव्हेंबरात, घराच्या पायरीवर बसून बूट काढताना, डेन्झिल गेला.

पुढच्या वर्षी साथ आली, जहाजं बंद झाली. आणि ते वर्ष संपताना देश युरोपच्या सामाईक जकातीतून बाहेर पडला. त्या मध्यरात्री जी बोट जिथं उभी होती, तिथली ती झाली. ग्वेनोल काही न करता, चिखलात बसल्या बसल्या, परदेशी होऊन गेली. आता तिला घरी आणायचं म्हणजे परदेशातून माल आणायचा. मालावर कर, किमतीच्या पाचव्या हिश्श्याइतका. चाळीस वर्षांपूर्वी भरलेला पुन्हा एकदा.

शेजारचा क्लेमो, जन्मभर खाडीतली फेरी, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी बोट, चालवून निवृत्त झालेला, हे ऐकून खूप वेळ हसला. “म्हणजे पोरी, दुकानातून पाव घेतला, दारापर्यंत गेलीस, छत्री विसरली म्हणून परत आलीस, तर पुन्हा पावाचे पैसे?” हेस्टर त्र्याहत्तर वर्षांची होती, पण खाडीकाठी सगळ्या बायका मरेपर्यंत पोरीच.

एक सवलत होती. ज्यानं बोट नेली त्यानंच ती तीन वर्षांच्या आत, होती तशी परत आणली, तर कर नाही. हेस्टरनं डब्यातून पावती काढली, फॉर्म मागवला. मालकाचं नाव या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं. मालकी कधीपासून, या रकान्याशी ती थोडी थांबली आणि मग खरं ते लिहिलं: नोव्हेंबर २०१९. मृत्युपत्रानं बोट तिला त्याच महिन्यात मिळाली होती. नोंदवहीत मात्र अजून डेन्झिलचंच नाव होतं. ते काढायला सांगणारं पत्र तिनं दोनदा लिहायला घेतलं होतं आणि दोनदा भाजीची यादी करून टाकलं होतं.

दोन हजार बावीसच्या फेब्रुवारीत कस्टमच्या ऑफिसातून उत्तर आलं. बोट मे २०१९ मध्ये नेली तेव्हा अर्जदार मालक नव्हत्या. ज्यांनी नेली ते परत आणत नाहीत. सबब सवलत लागू नाही. पत्रात डेन्झिलच्या मृत्यूबद्दल दिलगिरीही होती, वेगळ्या ओळीत.

कराची रक्कम तिच्या दोन महिन्यांच्या पेन्शनहून जास्त होती. ती भरायची म्हणजे बोट विकूनच भरावी लागली असती, आणि मग भरायची कशाला? सोइझिकच्या भाच्यानं बोट मागितलीही होती, चांगली किंमत देऊन. क्लेमोचं म्हणणं, गुपचूप आणावी. आपल्या खाडीत बगळ्यांशिवाय बघतंय कोण? हेस्टरनं त्याला सरळ सांगितलं, “तीस वर्षं मी पोरांना ताट घेऊन रांगेत उभं राहायला लावलंय. दुसऱ्यांदा वाढून घ्यायला मागच्या दारानं आलेला एकही पोरगा मी सोडला नाही. आता मीच मागच्या दारानं येऊ?”

तरी तिनं भाच्याला होकाराचं पत्र लिहिलं. पाकिटावर तिकीट लावलं, आणि ते बॅरोमीटरखालच्या फळीवर आठवडाभर पडून राहिलं. वहीतल्या नोंदी रोज चालूच होत्या. ती रोज खिडकीतून खाली बघायची. पाण्यात ग्वेनोलचं रिकामं बोयरं, तिला बांधायचा तरंगता गोळा, हेलकावत असायचं, त्यावर एक पाणकावळा पंख वाळवत बसलेला.

मार्चमधल्या एका सकाळी क्लेमो केशर घातलेले बन घेऊन आला. बाहेर चिखल होता. तो बुटांसकट थेट शेगडीपाशी येऊन ऊब घेत उभा राहिला. हेस्टरचा हात आपोआप पुढे झाला. “भाडं.”

“हे घर आहे बाई तुझं, बोट नाही,” क्लेमो म्हणाला. “तो चौसष्टातला एक हिस्सा तिकडे, फ्रान्सात.”

हेस्टर हसली. हसता हसता थांबली. बनचा तुकडा तिनं ताटलीत ठेवला.

“क्लेमो, एक हिस्सा असला तरी मालकच ना?”

“मला काय विचारतेस? मी फेरीचा एक खिळासुद्धा माझा म्हणू शकलो नाही.”

तिनं सोइझिकला फोन लावला. ओहोटी होती. सोइझिक गुडघ्याएवढ्या चिखलातून चालत बोटीवर गेली आणि शेगडीवरच्या चौकटीचा फोटो काढून पाठवला. वाफेनं कागद चहासारखा तपकिरी झाला होता, पण शिक्का वाचता येत होता. मात्र यार्डातल्या मित्राकडचा शिक्काही वाचता आलाच असता. म्हणून हेस्टरनं जहाजांच्या नोंदणी कचेरीला पत्र टाकलं आणि पंधरा दिवस पोस्टमनच्या सायकलीकडे कान लावून बसली. कर राहिला बाजूला, तिला आता दुसरंच काहीतरी कळून घ्यायचं होतं, आणि कळू नये असंही वाटत होतं.

उतारा एका पानाचा होता. मालक: डेन्झिल नॅनकिव्हेल, सुतार, त्रेसष्ट हिस्से. हेस्टर नॅनकिव्हेल, स्वयंपाकीण, एक हिस्सा. तारीख जून १९८४. त्यानं शहरात जाऊन, फी भरून, रीतसर ते केलं होतं, आणि दर वेळी नोंदणीचं नूतनीकरण करताना तिचा एक हिस्सा न विसरता लिहिला होता. तिच्या भाड्याच्या गमतीला पस्तीस वर्षं हसत राहिला, पण ती गंमत नाही हे काही बोलला नाही. हेस्टर तो कागद घेऊन खालच्या पायऱ्यांवर जाऊन बसली. भरती येईपर्यंत बसून होती. मग वर येऊन फळीवरचं पाकीट उचललं, वरचं तिकीट पुन्हा कामाला येईल म्हणून वाफेवर धरून सोडवलं आणि आतलं पत्र शेगडीत घातलं.

उताऱ्याची प्रत मिळाल्यावर कस्टमच्या ऑफिसातल्या मिस एव्हरार्डांचा फोन आला. त्या मृदू बोलायच्या. त्यांनी विचारलं, मिसेस नॅनकिव्हेल, मग फॉर्ममध्ये तुम्ही मालकी २०१९ पासून का लिहिलीत? हेस्टरनं सांगितलं, की आमच्याकडे जो सुकाणूपाशी असतो त्याची बोट, बाकीचे सोबत असतात. एका हिश्श्याचं कुणी फॉर्मात लिहीत नाही. नेताना तुम्ही बोटीवर होतात का? होते. काय करत होतात? “चहा. आणि तो झोपला की सुकाणू.” डेन्झिलच्या प्रवासवहीची पानं तिनं पाठवली, त्यात दर चार तासांनी अक्षर बदलत होतं.

मिस एव्हरार्डनी वरिष्ठांना विचारलं. दहा दिवसांनी कळवलं, की नियमात मालकी म्हटलं आहे, किती ते म्हटलेलं नाही. सवलत मंजूर. तीन वर्षं चौदा मेला भरत होती.

पाच मेला हेस्टर आणि क्लेमो प्रवासी जहाजानं पलीकडे गेले. निघायच्या आधी तिनं बॅरोमीटर भिंतीवरून काढून लोकरी शालीत गुंडाळला, आणि घरच्या पिवळ्या पडद्याचं एक चौकोनी निशाण शिवून घेतलं. परदेशातून येणाऱ्या बोटीनं ते लावायचं असतं. क्लेमो म्हणाला, चाळीस वर्षं आपण इकडून तिकडे गेलो, एका पडद्याला हात लावावा लागला नाही. सोइझिकनं बोट धुऊन ठेवली होती. तीन दिवस वारा उलटा होता, चौथ्या दिवशी फिरला.

दहा मेच्या दुपारी ग्वेनोल पिवळं निशाण लावून खाडीत शिरली. नियमाप्रमाणे बोयऱ्याला बांधायच्या आधीच हेस्टरनं फोन लावला. पलीकडच्या माणसानं विचारलं, सोबत काय काय आणलंत?

“लोणी, दोन किलो,” हेस्टर म्हणाली. “आणि बोट.”

क्लेमोला इतकं हसू आलं की दोर हातातून सुटला आणि बोयरं दुसऱ्यांदा धरावं लागलं. पाणकावळा रागानं उडून गेला. परवानगी आली, तशी तिनं निशाण उतरवलं, घडी केली आणि शेगडीखालच्या खणात ठेवलं. पडद्याचं उरलेलं कापड जुळणार नव्हतं, पण त्या खिडकीला नंतर पडदा लावावासा तिला वाटला नाही. तिथून बोट दिसायची.

त्यानंतर तिला दोन उन्हाळे आणि तिसऱ्यातला बराचसा मिळाला. नोंदवहीतलं नाव तिनं बदलून घेतलं, पण त्यातही एक हिस्सा क्लेमोच्या नावे केला. कुठला, विचारलं तर म्हणायची, दारातला, बूट काढायचा. बॅरोमीटर बोटीवर परत गेला होता, त्यामुळे रोज सकाळी ती खाली उतरून, छोट्या होडीतून वल्हं मारत जायची, काचेवर दोन टिचक्या मारायची, आणि वहीत आता खिडकीबाहेरचाच वारा लिहायची. शेवटचं नाव लिहायचं तिनं बंद केलं. गरज नव्हती.

ती गेली त्या ऑगस्टातल्या सकाळीही ती बोटीवर होती. दाब चांगला होता, तो तिनं वाचला. मग जरा पाठ टेकते म्हणून बाकावर आडवी झाली. बूट दारात काढून क्लेमो तिच्या हिश्श्यात शिरला आणि किटली नळाखाली धरली, तेव्हा तिनं डोळे न उघडता सांगितलं, “गच्च भरू नकोस रे. फेरी गेली की लाटेनं सांडतं.”