पुसता न येणारा अल्बम

माझ्या मुलीला घरच्या अल्बममधून काढून टाकलंय, हे मला एका रविवारी सकाळी चहा पिताना कळलं. तिच्या सासूबाईंना तिचा बालवाडीतला फोटो पाठवायचा होता, म्हणून मी फोनवर शोधत बसले होते. सापडेना. मग दुसरा कुठला तरी पाठवू म्हटलं, तर तोही नाही. वाढदिवस, गॅदरिंग, पन्हाळ्याची सहल, सगळीकडून ती गायब. तिच्या भावाचे फोटो जागच्या जागी होते. ती ज्यात होती, तेवढेच नेमके गेले होते.

हा अल्बम म्हणजे इंटरनेटवरचं एक खातं. महापुरात आमचं नदीकडचं घर बुडालं तेव्हा कागदी अल्बमांचा चिखल झाला होता. जे फोटो सुटे करता आले ते आम्ही गच्चीवर दोऱ्या बांधून वाळवले आणि नवऱ्याने एकेक करून स्कॅन केले; मूळ कागद पुढे बुरशीने गेले. मग थोरल्या दिरांच्या मुलाने, तो पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, सगळ्या घरासाठी ते खातं उघडून दिलं. गावाकडचे फोटो, आमचे फोटो, जमिनीचे कागद, सगळं त्यात. बघायला सगळ्यांना मिळायचं, पासवर्ड मात्र त्याच्याकडे. आम्हाला ते बरं वाटलं होतं. आता पुराचं पाणी काय नेणार, असं नवरा म्हणायचा. आम्ही कळंब्याकडे उंचावर राहायला आलो आणि तो विषय संपला असं धरून चाललो.

माझे थोरले दीर, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, गारगोटीजवळच्या गावी शेती आणि गोठा बघतात. आमच्या घरात त्यांचा शब्द खाली पडत नाही. माझ्या मुलीने लग्न ठरवलं ते गडहिंग्लजच्या मुलाशी. बौद्ध घरातला मुलगा, आई सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स. लग्न नोंदणी पद्धतीने झालं. दादा आले नाहीत आणि त्यांनी गावाकडून कुणाला येऊही दिलं नाही. ते मी गिळलं होतं. लग्नाला न येणं हा त्यांचा हक्क, असं मनाला समजावलं होतं.

मी पुतण्याला फोन लावला. तो आधी काहीतरी तांत्रिक अडचण झाली असेल असं म्हणाला. मी पस्तीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवलंय. खोटं उत्तर कुठून सुरू होतं ते मला कळतं. मी पुन्हा तेच विचारलं. तेव्हा तो म्हणाला, "काकी, पप्पांनी सांगितलं तसं केलं. न्हाय म्हणलो असतो तर घरात राडा झाला असता."

पुसलेले फोटो परत आण म्हटलं, तर कचऱ्याची पेटीही रिकामी करायला लावली होती म्हणे.

मग दादांना फोन केला. ते शांत होते. "घराचा अल्बम हाय तो," ते म्हणाले, "घरातल्या माणसांचा."

"ती तुमच्या मांडीवर वाढली, दादा."

"तवा वाढली."

मी फोन ठेवला. नवरा म्हणाला, थोडं थांबू, वर्षभरात सगळं निवळेल. त्याने आयुष्यात दादांना कधी नाही म्हटलेलं नाही, आणि आता ते त्याला जमणार नाही हे मला ठाऊक होतं. मी त्याला म्हटलं, तुम्ही थांबा, मी थांबणार नाही.

त्या दिवसापासून मी फोटो गोळा करायला लागले. काही नवऱ्याच्या जुन्या लॅपटॉपवर मिळाले, काही मुलीच्या फोनमध्ये, काही माझ्या बहिणीकडे. तिच्या शाळेतल्या मैत्रिणींकडून धुरकट झालेले फोटो मागवले. काही मात्र कुठेच नव्हते. मुलीचा पहिला पाऊल टाकतानाचा फोटो पुरातून वाचला होता. तो माणसाने नेला. त्याचा राग अजून माझ्या पोटात आहे आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

मुलगी म्हणाली, आई, दुसरं खातं उघडू, आपलं आपण. पण मला आता फोटो दुसऱ्याच्या दारात ठेवायचेच नव्हते. घरच्या वायफायला जोडून ठेवता येतो, सगळ्यांना आपापल्या फोनवरून बघता येतं, असा ड्राइव्ह मिळतो हे मी वाचलं होतं. तो घ्यायला मी आणि नवरा राजारामपुरीत एका कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो.

दुकानदार सगळं नवऱ्याला सांगत होता. मी विचारलं तरी उत्तर नवऱ्याला. फोटोच ठेवायचे तर एक साधी हार्ड डिस्क न्या, वहिनींना हे झेपायचं नाही, असंही म्हणाला. नवरा बिचारा माझ्याकडे बोट दाखवत राहिला. शेवटी मी खुर्ची ओढून काउंटरसमोर बसले आणि म्हटलं, घेणार मी आहे, माझ्याशी बोला.

त्याने आधी एक छोटा, एकाच डिस्कचा ड्राइव्ह पुढे केला. तो सुरू करायला कंपनीच्या साइटवर खातं उघडावं लागत होतं. मी तो बाजूला सारला. मग दोन डिस्कचा दाखवला. एकीवर लिहिलेलं आपोआप दुसरीवरही जातं, एक बंद पडली तरी दुसरी चालते, असं त्याने सांगितलं.

"आणि कुणी मुद्दाम पुसलं तर?"

"मग दुसरीवरचं पण जातं, मॅडम." पहिल्यांदाच त्याने माझ्याकडे बघून उत्तर दिलं. "घरात कोण मुद्दाम पुसतंय?"

मी त्याला खरं ते सांगितलं. नवरा रस्त्याकडे बघत बसला. दुकानदार आत गेला आणि तिसरा ड्राइव्ह घेऊन आला. दोन डिस्कचाच, पण त्यात रोजची स्थिती जशीच्या तशी जपून ठेवायची सोय होती. आज कुणी काही पुसलं तरी उद्या कालची स्थिती परत आणता यायची. शिवाय कुणी फक्त बघायचं आणि कुणी बदल करायचा, हे माणसागणिक ठरवता येत होतं. पुसायचा अधिकार कुणाकुणाला द्यायचा, त्याने विचारलं. कुणालाच नको, मी म्हटलं. एकाला तरी द्यावाच लागतो म्हणाला. मग तो माझा.

तरी एक गोष्ट राहत होती. घरालाच आग लागली, चोरी झाली, तर? आणखी एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा, असं त्याने सुचवलं. गावाकडे ठेवू, असं नवरा सवयीने बोलून गेला आणि स्वतःच ओशाळला. मी तिथूनच विहीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आणा की. आमच्या फोटोंनाबी जागा मिळंल न्हवं?"

ती प्रत घ्यायला त्या स्वतःच आल्या. येताना त्यांनी त्यांच्या आईचा फोटो आणला होता. नऊवारी नेसलेली, उन्हात डोळे बारीक केलेली बाई, मळ्यात विळा घेऊन उभी. एवढाच एक आहे म्हणाल्या. मी तो स्कॅन केला आणि आमच्या घराण्याच्या फोटोंत ठेवला, वेगळ्या कप्प्यात नाही. आता आमच्या पिढ्यानपिढ्यांच्या फोटोंची दुसरी प्रत गडहिंग्लजला, ज्या उंबऱ्यावर दादा पाय ठेवत नाहीत त्या घरात आहे. बघायचा अधिकार मी घरातल्या सगळ्यांना दिला. दादांनाही दिला. पुतण्याने त्यांच्या फोनवर ते सुरू करून दिलं की नाही, मी विचारलं नाही.

पुढे माझ्या सासूबाईंचं, म्हणजे दादांच्या आईचं, वर्षश्राद्ध आलं. दादांना त्यांचा मोठा फोटो करून भिंतीवर लावायचा होता. सासूबाई आयुष्यात कॅमेऱ्यासमोर एकदाच मनापासून हसल्या होत्या, आणि त्या फोटोत त्यांच्या मांडीवर माझी मुलगी होती. त्यामुळे त्यांच्या अल्बममधून तोही गेला होता; मला तो बहिणीकडे मिळाला होता. दादांनी स्वतः फोन केला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाले, तेवढा आईचा फोटो पाठव.

"पाठवते," मी म्हटलं. "पण पुराच्या पुरा. कापून देणार न्हाय."

दादांनी आधी कुणाला तरी गोठ्यातलं काम सांगितलं. मग, "पाठव."

वर्षश्राद्धाला आम्ही गेलो. मुलगी आणि जावई आमच्याबरोबर आले. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. सोप्यात फ्रेम लावलेली. दादांनी स्टुडिओत देऊन फोटो कापून घेतलाच होता. फक्त सासूबाईंचा चेहरा आणि खांदा ठेवलेला. पण पोरीने आजीचा पदर खांद्याशी घट्ट धरला होता, तेवढी मूठ काही त्यांना कापता आली नव्हती. हाराखाली ती गुबगुबीत मूठ स्पष्ट दिसत होती.

जावयाने मला हळूच विचारलं, हात कुणाचा? मी मोठ्याने सांगितलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. दादा पाहुण्यांना पाणी देत होते. त्यांनी मान वर केली नाही.

मी फोन काढला, त्या फ्रेमचा नीट समोरून फोटो घेतला आणि तिथेच उभी राहून आमच्या ड्राइव्हवर चढवला.