मोर्चाच्या मागून चालणारा

पाथर्डीकडच्या एका गावात मी मास्तर होतो. माझ्या खोलीखाली एका शिंप्याचं दुकान होतं. काजं करता करता तो गिऱ्हाइकांना क्रांती समजावून सांगायचा. "मास्तर, मानसं रस्त्यावर आल्याबिगर जग बदलत न्हाई," असं म्हणून दातांनी दोरा तोडायचा. मला ते भाबडं वाटे, पण त्याचा विश्वास आवडे.

बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकांना कामावर प्यायला पाणी मिळेना. शिंप्यानेच घरोघर फिरून त्यांना कचेरीवरच्या मोर्चाला काढलं. भर उन्हात त्यातली एक म्हातारी कोसळली आणि रस्त्यातच गेली. पुढच्या आठवड्यात पाण्याचा टँकर सुरू झाला.

"मोर्चा वाया नाही गेला," मी त्याला धीर द्यायला म्हणालो.

"ती नगं म्हनत हुती, मास्तर. म्याच गळ घातली."

त्यानंतर दुकानात नुसतं मशीन ऐकू यायचं. पुढच्या मोर्चाला तो गेला, पण सगळ्यांच्या मागून, एकटाच. वाटेत दारात उभ्या असलेल्या बायकांनी विचारलं, "भाऊ, आमी येऊ का?"

त्याने मान खाली घातली. "तुमचं तुमी ठरवा, बाई. मला आता सांगता येत न्हाई."