वाळूत आडवी पाडलेली मोटारसायकल

विनायकराव गेल्याची बातमी मला नांदगावला कळली. तिथल्या सहकारी पतपेढीच्या तपासणीसाठी मी गेलो होतो. नाशिकहून आलेल्या मोटारीच्या ड्रायव्हरनं खिडकीतून हाक मारली, चिठ्ठी दिली आणि मी ती वाचेपर्यंत तिथंच थांबला. पहाटे छातीत कळ आली आणि खेळ आटोपला, एवढंच त्यात होतं. मी मोटारसायकल काढली. साठएक मैलांचा रस्ता, त्यातला निम्मा खडीचा. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं, माणसं पांगली होती. वहिनी आतल्या खोलीत होत्या. पडवीत, नेहमीच्या जागी, फळकुटावर स्टँड टेकवून विनायकरावांची मोटारसायकल उभी होती, जुन्या चादरीनं झाकलेली. माझी गाडी मी तिच्या शेजारी लावली. दोन्ही एकाच कारखान्याच्या, एकाच वजनाच्या. गल्लीतली पोरं त्यांना जुळ्या म्हणत. त्यातली एक आता कोणाची, हा विचार तेव्हा मनात आला आणि मला स्वतःचीच लाज वाटली... पण तो तेव्हा आला हे खरं.

आमची मैत्री या गाड्यांमुळेच झाली. मी हिशेबतपासनीस, जिल्हाभर फिरायचा. चाळिशी उलटलेली होती आणि मोटारींची वाट पाहत फाट्यांवर उभं राहण्यात आयुष्य चाललं होतं. नाशिक रोडची ट्राम बंद पडल्यावर तर स्टेशनवर जायलाही टांगेवाल्याच्या मर्जीवर राहावं लागे. तेव्हा फटफटी घ्यायचं ठरवलं. सायकलीपलीकडे कधी काही चालवलेलं नव्हतं, म्हणून माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. मुंबईच्या दुकानांचे कॅटलॉग मागवले आणि एका मोठ्या कागदावर रकाने आखले. अश्वशक्ती, एका गॅलनला किती मैल, टायरची रुंदी, सुटे भाग कुठं मिळतात, असं सगळं मांडलं. तो कागद घेऊन मी विनायकरावांकडे गेलो, कारण गावात कोणीही एकच नाव सांगे. ते पाटबंधारे खात्यातले निवृत्त ओव्हरसियर. तरुणपणी कालव्याच्या कडेकडेनं खात्याच्या मोटारसायकलवर फिरलेले. डाव्या पायानं किंचित लंगडत.

त्यांनी कागद दोनदा वाचला. चष्मा पुसला, तिसऱ्यांदा वाचला.

"सगळं आहे, गोविंदराव," ते म्हणाले. "एक रकाना राहिला."

"कोणता?"

"पडल्यावर उचलणार कोण?"

मला ती थट्टा वाटली. मी म्हणालो, पडणार नाही असा बेत आहे. त्यावर आतून वहिनींचा आवाज आला, "यांचाही तसाच बेत होता, भाऊजी." आणि मग चहा देता देता त्यांनीच मला सगळं सांगितलं. कालव्याच्या भरावावर गाडी घसरली होती. जड गाडी, जोड सिलिंडरची. ती पायावर पडली, एंजिन तापलेलं. आजूबाजूला चिटपाखरू नाही. विनायकराव दुपारपासून तिच्याखाली पडून होते, तिन्हीसांजेला एक मेंढरं राखणारा आला तेव्हा सुटले. हाड जुळलं ते थोडं आखूड. त्या दिवसापासून त्यांनी मोटारसायकलला हात लावला नव्हता. वहिनी हे सगळं सांगत होत्या आणि विनायकराव माझ्या कागदावर पेन्सिलीनं शेवटी एक उभी रेघ ओढत होते.

त्या रकान्यात काय लिहायचं ते त्यांनी मला गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, वाळूत दाखवलं. शरणपूरच्या एका पाद्रीसाहेबांची हलकी गाडी विकायची होती. दोनशे पौंडांच्या आतबाहेर वजन, अडीच अश्वशक्ती. माझ्या कागदावर ती खालून दुसरी होती. ती आम्ही तपोवनाच्या बाजूला, जिथं वाळू खोल आहे तिथं नेली. विनायकराव म्हणाले, पाडा. मी हळूच आडवी केली. पेट्रोलचा नळ बंद करायचा असतो हे मला ठाऊक नव्हतं. वाळू भिजली, वास सुटला. कपडे धुणारा एक माणूस हातातलं टाकून धावत आला.

"आवो, लय लागलं का?"

"नाही, नाही. आम्हीच पाडली," मी म्हणालो.

"कशापायी?"

"उचलायला."

त्यानं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. दोघांच्याही अंगात कोट, डोक्यावर टोप्या. "मग पाडायची कशाला म्हनतो मी," असं म्हणून तो हात लावायला वाकला, तेव्हा विनायकराव त्याच्यावर ओरडले. दूर राहा म्हणाले. एकट्यानंच उचलायची. मी वाकून ओढली, हलली नाही. "पाठीनं नको, गुडघ्यांनी," ते म्हणाले. हँडल वळवायला लावलं, तिच्या अगदी जवळ बसायला लावलं, आणि मग पायांनी उठायला सांगितलं. ती उठली. माझा श्वास फुलला होता, टोपी पडली होती, पण गाडी दोन चाकांवर उभी होती. "ही तुमची," ते म्हणाले. "बाकीच्या चांगल्या असतील. पण त्या दुसऱ्या कोणाच्या." मी तीच घेतली. आजही तीच वापरतो.

मला शिकवता शिकवता त्यांच्यात काय होत होतं ते माझ्या उशिरा लक्षात आलं. माझी गाडी सुरू झाली की ते डोकं कलतं करून ऐकत. ठिणगी पाडणारा मॅग्नेटो उघडून दाखवताना बोटं रेंगाळत. एके दिवशी म्हणाले, देवळालीच्या छावणीतला एक गोरा अधिकारी विलायतेला निघालाय, त्याची गाडी पाहून आलो. जोड सिलिंडर, चारशे पौंडांवर वजन. हे सांगताना त्यांचा आवाज विशीतल्या मुलासारखा झाला होता. वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"भाऊजींना वाळूत नेलंत ना?" त्या म्हणाल्या. "मग तुम्हीही चला. उचललीत तर घ्या. मी एक शब्द बोलणार नाही."

विनायकरावांनी ते कबूल केलं. मला वाटतं, उचलू शकू अशी त्यांची खात्री होती. निदान तशी असावी अशी इच्छा होती... ठरलेल्या दिवशी दलालाचा माणूस ती गाडी घेऊन वाळूत आला. काळी, चकचकीत, टाकीवर सोनेरी रेघा. वहिनी घाटाच्या पायऱ्यांवर बसल्या, पदर नीट खोचून, एखाद्या परीक्षेला बसल्यासारख्या. विनायकरावांनी कोट काढून माझ्याकडे दिला, चष्मा दिला, नळ बंद केला आणि गाडी सावकाश आडवी केली. मग तिच्याजवळ बसले. उजवा गुडघा नीट रोवला गेला. डावा रोवेना. पाठ वापरायची नाही हा नियम त्यांचाच, आणि गुडघे हवेत तर त्यातला एकच त्यांच्याजवळ होता. पहिल्यांदा गाडी वीतभर उठली. दुसऱ्यांदा मांडीपर्यंत आली, क्षणभर तिथं थांबली, आणि माझ्या मनात आलं की झालं. मग ती पुन्हा खाली गेली. दलालाचा माणूस म्हणाला, "रावसाहेब, मी जरा हात लावतो, वाळूत कोणालाच उचलवत नाही." विनायकरावांनी तळहात दाखवून त्याला थांबवलं. तिसऱ्यांदा ते उठलेच नाहीत. वाळूत बसून राहिले.

मी पायऱ्यांकडे पाहिलं. वहिनी जिंकल्या होत्या, पण तसं काही त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. त्या खाली आल्या, नवऱ्याच्या पाठीवरची वाळू झटकली आणि माझ्या हातातला कोट घेऊन त्यांच्या खांद्यावर टाकला. परतीच्या टांग्यात, पंचवटीच्या चढावर त्या म्हणाल्या, "भाऊजींच्या गाडीएवढी असती तर उठली असती ना?"

"ती शेळी आहे," विनायकराव बाहेर पाहत म्हणाले.

"शेळी असू दे. संध्याकाळी घरी येते."

टांगेवाला हसला. थोड्या वेळानं विनायकरावही हसले. मुंबईहून रेल्वेनं त्यांची शेळी आली तेव्हा तिला वाळूत न्यायची आठवण वहिनींनीच करून दिली. ती पहिल्याच खेपेला उठली. त्या दिवशी विनायकरावांनी स्वतः गाडी चालवत घर गाठलं. आखूड पायासाठी ब्रेकच्या पेडलवर लाकडाची पट्टी बसवून घेतली होती. मी मागून येत होतो. माझ्या हयातीत इतक्या सावकाश आणि इतक्या आनंदानं गाडी चालवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

तेव्हापासून आमचा दसरा वेगळा झाला. गावात लोक गाड्या धुऊन, झेंडूच्या माळा घालून, नारळ फोडून पूजा करत. आम्हीही करत असू, पण माळा घालण्यापूर्वी दोन्ही गाड्या गंगेच्या वाळूत जात आणि आडव्या होत. मग ज्यानं त्यानं आपापली उचलायची. ओल्या वाळूचा डाग झेंडूखाली तसाच राही. ओळखीचे लोक पुलावरून हाका मारत, "ओव्हरसियरसाहेब, लक्ष्मीला लोळवता होय दसऱ्याला?" वर्षातून एकदा आपण कुठवर आलो ते पाहायचं, असं विनायकराव मला म्हणाले होते. गाडी तेवढीच राहते, आपण बदलतो. वहिनी दरवर्षी त्याच पायरीवर बसत. मला वाटे, सोन्याची पानं लुटायला निघता निघता सहज थांबतात.

गेल्या दसऱ्याला माझी उठली. त्यांची उठली नाही. वर्षभरात ते वाळले होते, जिना चढताना थांबू लागले होते. ते आम्ही सगळे पाहत होतो आणि हवापाण्याचं बोलत होतो. त्यांनी एकदा प्रयत्न केला, थांबले, वाळूवर हात पुसले, पुन्हा बसले. तिथं आमच्याखेरीज कोणी नव्हतं. उचलली असं म्हटलं असतं तर विचारणारं कोण होतं? मी तर नसतंच विचारलं. त्यांनी मान वर केली आणि म्हणाले, "या गोविंदराव, हात लावा." इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. दोघांनी मिळून ती सहज उभी केली. वहिनी पायरीवरून उठल्या नाहीत. घरापर्यंत विनायकरावांनी ती चालत ढकलत नेली, आणि पुन्हा तिच्यावर बसले नाहीत. मी एकदा भीत भीत म्हटलं, सपाट रस्त्यावर काय हरकत आहे, स्टेशनपर्यंत? ते म्हणाले, "भराव पण सपाटच होता." रविवारी सकाळी ते गाडी पुसत, किक मारत, थोडा वेळ ऐकत आणि बंद करत. पुढे किकही मला मारायला सांगत. त्यांना मनापासून काय वाटत असेल ते मी विचारलं नाही. त्यांनी केलेला हिशेब मला पटला होता आणि तरी तो चुकावा असं वाटत होतं.

वहिनींनी विनायकरावांची गाडी विकायला काढली, आणि गेल्या आठवड्यात मालेगावचे यासीनभाई ती पाहायला आले. साड्यांचे व्यापारी, आसपासच्या गावांतल्या विणकरांकडे सतत फेऱ्या असतात. मोटारसायकल पहिल्यांदाच घेणार होते. पांढरेशुभ्र कपडे, अत्तराचा वास. त्यांनी मला वेग विचारला, पेट्रोल विचारलं, मी आकडे दिले. सौदा जुळतोय असं दिसत असताना आतून वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, यांना वाळूत न्या. मी येते."

दिवसवार झाल्यापासून त्या उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. गल्लीतल्या बायका दारांत आल्या, एकमेकींकडे पाहू लागल्या. वहिनींनी पदर पुढे ओढला आणि टांग्यात बसल्या.

वाळूत मी नळ बंद करून गाडी आडवी केली तेव्हा यासीनभाई चकित झाले. "गोविंदराव, गाडी अच्छी आहे, मी घेतो म्हटलं ना, मग पाडता कशाला?" मी सांगितलं. त्यांनी पांढऱ्या कपड्यांकडे पाहिलं, पायरीवर बसलेल्या बाईंकडे पाहिलं आणि बाह्या वर केल्या. वाकून जोर लावला. गाडी जागची हलली नाही. माझ्या तोंडाशी शब्द आले होते, पण त्याआधी पायरीवरून आवाज आला.

"पाठीनं नको. गुडघ्यांनी. हँडल आधी वळवा... हां. अजून जवळ बसा तिच्या."

तोच क्रम, तसेच थांबे. मला वाटायचं, त्या फक्त बसतात. यासीनभाई लाल झाले, गाडी वर आली आणि उभी राहिली. त्यांच्या सदऱ्यावर ओली वाळू लागली होती. वहिनींनी मान हलवली. आता तुमची, म्हणाल्या. दरवर्षी एकदा असंच करायचं, आणि ज्या वर्षी उठणार नाही त्या वर्षी थांबायचं.

यासीनभाईंनी थोडा विचार केला. माणूस शब्दाचा होता, म्हणून अडचण आधीच सांगावी असं त्यांना वाटलं असावं. "वहिनी, दरसाल नाशिकला येणं नाही जमायचं. आमच्याकडे मोसम नदी आहे. तिथल्या वाळूत चालेल?"

"वाळू कुठलीही चालेल," वहिनी म्हणाल्या. "कोणाला हात मात्र लावू देऊ नका."

मी खाली वाकून पेट्रोलचा नळ उघडला.