चाचांची एक वीत

ब्लूटूथ हवेतून नव्हे, माणसांच्या मायेतून चालतं, असं मानणारा जगातला एकमेव मेकॅनिक पुसदला होता. बसस्टँडमागच्या टपरीत मोबाइल दुरुस्त करणाऱ्या या माणसाला सगळे चाचाच म्हणत. साधं गाणं पाठवायचं तरी दोन्ही फोन काउंटरवर एक वीत अंतरावर ठेवायचे, पंखा बंद करायचा आणि दोन्ही मालकांनी एकाच बाकावर बसायचं, हा त्यांचा दंडक. भांडून आलेल्या साल्या-मेहुण्यांना त्यांनी आधी चहा पाजला, मगच फोन जोडले. नमाज पढणाऱ्यासमोरून जात नाहीत, तसा दोन फोनांमधून कोणी हातही न्यायचा नाही. एकदा एका हवालदारानं पेन घ्यायला हात पुढे केला, तर "रुको साहेब, अजून मुखडाच गेला!" म्हणत चाचांनी तो हात गाणं संपेपर्यंत हवेतच थांबवला.

मी माझं काम घेऊन गेलो त्या दिवशी मात्र चाचा हसले नाहीत. कापसाच्या पडत्या वर्षांत बाबांची जिनिंग बंद पडली, मग तंबाखू-सुपारीच्या खर्र्यानं घसा खाल्ला आणि ऑपरेशनमध्ये त्यांचा आवाज कायमचा गेला. मी घरातला पहिला बी.ए. आवाज जाण्याआधीचं, माझ्या निकालाच्या दिवशीचं बाबांचं बोलणं त्यांच्या फोनात रेकॉर्ड होतं, आणि तोच फोन त्यांच्या हातून पाण्याच्या टाक्यात पडला. मी त्यांना नको ते बोललो होतो. आता बाकाच्या दोन टोकांना आम्ही दोघं.

"बोर्ड सडला. दोन मिनिटं चालन, मंग कायमचा बंद," चाचा म्हणाले.

स्क्रीन काळी होती, पण त्या फोनाचा सगळा मेनू चाचांना तोंडपाठ. डोळे मिटून ते बटणं दाबू लागले. "खाली तीन... मधलं... खाली दोन..." माझ्या फोनवर विचारणा आली, मी होकार दिला. माझ्या स्क्रीनवरची फाइल येण्याची रेघ अर्ध्यावर सरकली आणि थांबली. बाबांच्या फोनानं बॅटरी संपत आल्याची शिट्टी दिली.

"भाऊ, तुमी काहून दूर बसले?" चाचा बाबांवर ओरडले. "भांडून आले ना दोघं? सरका जवळ!"

बाबा सरकले. त्यांचा खांदा माझ्या खांद्याला टेकला. रेघ हलली, भरली, आणि त्यांचा फोन विझला.

"ऐकलं का, माहा पोट्टा बीए झाला!" माझ्या फोनातून बाबा ओरडले. शेजारी बसलेल्या बाबांचे ओठ त्याच शब्दांवर हलत होते. चाचांनी पंखा लावला आणि पाठ फिरवून उगाच पेचकस शोधत राहिले.

आज चाचा नाहीत, टपरीही नाही. तो आवाज मी कितीतरी फोनांत पाठवून ठेवलाय. पाठवताना मी अजून पंखा बंद करतो. सरकून बसा म्हणणारं मात्र कोणी नसतं.