डोकी मांजरांना, गर नातीला

आमच्या मंडईत शिरलं की डाव्या हाताला पहिलं दुकान सुक्या मासळीचं. दुकान कसलं, एक लांब फळी, तिच्यावर अंथरलेलं तरट आणि तरटावर बोटाएवढ्या वाळक्या माशांचे ढीग. मागे जी बसते तिला सगळी मंडई खारी आत्या म्हणते. माल खारा, आणि जीभही थोडी. कुणी वासाने नाक मुरडलं की ती म्हणणार, "नाक घरी ठेवून यायचं, पोट तेवढं बरोबर आणायचं."

आत्याची एक रीत होती. मासळी तोलून झाली की गप्पा मारता मारता ती प्रत्येक माशाचं डोकं चिमटीत धरून मोडायची आणि मगच पुडी बांधायची. गिऱ्हाईकाला साफ माल मिळायला हवा, हा तिचा हट्ट. डोकी जायची फळीमागच्या मांजरांना. त्या मांजरांच्या अंगावर अशी तकाकी की मंडईतले उंदीर दुसऱ्या गावाला राहायला गेले असावेत.

आत्याचा मुलगा आणि सून कपडे शिवायच्या कारखान्यात जायची, म्हणून दीड वर्षाची नात दिवसभर आजीजवळ. फळीशेजारी खोक्यात उशी घालून तिची गादी केलेली. पोर इतकी हलकी की सगळे तिला मुंगी म्हणत. आत्या तिच्यासाठी शेजारणीकडून मोठ्या माशाचा तुकडा घ्यायची. महाग, म्हणून अंगठ्याएवढाच. त्यातला काटा न् काटा वेचायची, मऊ गर भरवायची. मुंगी दोन घासांत तोंड फिरवायची.

"तुमच्याकडे एवढी मासळी पडलीये, त्यातली का नाही देत?" मी तिची रोजची गिऱ्हाईक; एकदा विचारलं.

"वहिनी, ही ढिगाने विकायची. नातीला ढिगातलं घालू होय?"

मग आरोग्य केंद्रातल्या सिस्टरनी मुंगीला तोललं आणि सुनेला स्पष्ट सांगितलं, पुढच्या महिन्यात काटा वर सरकला नाही तर पोरीला इस्पितळात ठेवावं लागेल, आणि आईला सोबत राहावं लागेल. एवढी सुट्टी कारखाना देणार नव्हता. सुनेची नोकरी गेल्यात जमा. त्या दिवसापासून आत्याच्या बोलण्यातलं मीठच गेलं. कुणी नाक मुरडलं तरी नुसती पुडी बांधायची.

आठवडाभरात त्याच सिस्टर मासळी घ्यायला आल्या. मी पुढेच उभी होते. आत्याने सवयीने पहिलं डोकं मोडलं.

"मोडू नका आत्या, मी डोक्यासकट खाते."

"साफ करून देते ना."

"साफ नका करू, डोक्यातच खरा माल आहे. ही मांजरं बघा, आणि ती नात बघा."

आत्या बिथरली. "माझ्या मांजरांवर कशाला डोळा?"

सिस्टर हसल्या आणि फळीच्या कडेला टेकल्याच. पोरांच्या हाडांना लागतं ते चुन्याचं सत्त्व या बारक्या काट्यांत आणि डोक्यांत असतं. मोठ्या माशाचे काटे आपण फेकतो, या बारक्या माशांचे चावून खाता येतात. रक्त वाढवणारं लोहही मिळतं. आणि वाळल्यावर पाणी उडून जातं, मग चिमूटभरातही ताकद मोठी. "पोरीला अख्खा मासा नको, घशात अडकेल. बिनमिठाचा घ्या, भाजा, अगदी बारीक कुटा, चाळा, मऊ भातात कालवा. वर चमचाभर तेल. आणि थोडं थोडं, पण सारखं."

आत्याने मोडलेलं डोकं तळहातावर घेतलं. "म्हणजे इतकी वर्षं मी लोकांचं टॉनिक मांजरांना घातलं?"

"मांजरांनी तक्रार केली का कधी?"

दुसऱ्या दिवशी फळीवर खलबत्ता आला. बिनमिठाचे मासे भाजून कुटलेलं पीठ दोनदा चाळून आत्याने भातात कालवलं, आणि मुंगीने पहिलाच घास आजीच्या पदरावर परत केला. दुपारपर्यंत तेच. आत्याचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात मुंगी रांगत खलबत्त्याशी गेली, ओलं बोट आत घातलं आणि चाटलं. पुन्हा घातलं.

मी काही बोलणार, तर आत्या दबक्या आवाजात म्हणाली, "तिकडे बघू नका वहिनी. आपण बघतोय कळलं की बंद करेल." आम्ही दोघी शहाण्यासारख्या कांद्यावर बोलत राहिलो. नंतर त्याच बोटाला भात लागला, मग वाटी आली. पुढे पुढे वाटी दिसली की मुंगी टाळ्या वाजवू लागली.

महिन्याने आरोग्य केंद्रात मीही गेले. मुंगी झोळीत, झोळी काट्याच्या आकड्याला. सून डोळे मिटून भिंतीला टेकलेली.

"आत्या, झोळीवरचा हात काढा," सिस्टर म्हणाल्या.

"हात कुठे, पोर पडेल म्हणून धरलंय."

"खालच्या बाजूला ओढून धरतात का कुणी?"

आत्याने हात काढला. काटा थरथरला, थोडा मागे आला, तरी हव्या त्या रेघेच्या पुढेच थांबला. सिस्टरनी मान डोलावली. "नको इस्पितळ. असंच चालू ठेवा."

सुनेने डोळे उघडले. आत्या मात्र जागची हलेना.

"पुन्हा तोला."

"अहो, बरोबर आहे."

"असेल. आमच्यात गिऱ्हाईकाला शंका नको म्हणून दोनदा तोलून दाखवतात."

सिस्टरनी मुंगीला काढलं, पुन्हा झोळीत घातलं. यावेळी आत्याने दोन्ही हात पाठीमागे बांधले होते. मुंगी लाथा झाडत होती आणि काटा काही केल्या स्थिर होत नव्हता. "नाचू दे, नाचू दे," आत्या म्हणाली, "घाई कुणाला आहे?"